गल्ल्यावरचे यंत्र आणि त्याची पट्टी

आमच्या सीमाभागात 'पट्टी' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मालाचा पुकारलेला भाव एक आणि पदरात पडणारी रक्कम दुसरी. या दोहोंमधले अंतर ज्या कागदावर लिहिलेले असते ती पट्टी. आमच्या आजोबांच्या पिढीने तंबाखूच्या, गुळाच्या आणि मिरचीच्या अशा कितीतरी पट्ट्या पाहिल्या. हमाली, तोलाई, अडत, आधी घेतलेली उचल अशा एकेका नावाने रक्कम कमी होत जाई. ज्याला धड अक्षरओळख नव्हती तो शेतकरीही हळूहळू ती पट्टी वाचायला शिकला, कारण न शिकून भागण्यासारखे नव्हते. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांनाही 'छाट' या शब्दाचा अर्थ कोणत्या शाळेत शिकवावा लागला नाही.

आता आमच्या बाजारपेठेत एक नवी पट्टी आली आहे. ती शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. ती लहान दुकानदाराच्या गल्ल्यावरून जाते. बिल काढणारे यंत्र, त्यातले सॉफ्टवेअर, कार्ड घासण्याची सोय आणि पैसे जमा झाल्याची आरोळी ठोकणारा साउंडबॉक्स, या साऱ्यांसाठी दुकानदार दरमहा काही ना काही देत असतो. जुन्या पट्टीत निदान सगळी कपात एका कागदावर असे. या नव्या पट्टीतली कपात चार ठिकाणी विखुरलेली असते आणि तिची बेरीज बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. ती बेरीज कशी करावी आणि तिच्याबद्दल काय मागावे, एवढेच या लेखात मला सांगायचे आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. घरात दुकानदारी. त्यामुळे आमच्या, नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या दुकानांची बिले, करारपत्रे व बँकेचे उतारे वाचून देण्याचे काम गेल्या दोन वर्षांत आपसूकच माझ्याकडे आले. वर्गात जे शिकलो त्यापेक्षा या कागदांनी मला अधिक शिकवले, असे म्हटले तर माझे प्राध्यापक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. व्यापारी भाषेत त्याला पीओएस म्हणतात, म्हणजे विक्री होते त्या जागेवरचे यंत्र. एका अंगाने ते बिल काढते, साठ्याची नोंद ठेवते, उधारी सांभाळते आणि कराचा हिशेब करते. दुसऱ्या अंगाने ते गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत पोहोचवते. ही दोन कामे वेगळी आहेत. पुष्कळदा ती करणाऱ्या कंपन्याही वेगळ्या असतात. दुकानदाराला मात्र एकच डबा दिसतो आणि एकच विक्रेता भेटतो. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते.

विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा पहिल्या कामाच्या मूळ भाड्याचा असतो. "मामा, महिन्याला फक्त पाचशे!" असे तो म्हणतो आणि ते खोटे नसते. पण त्या पाचशेच्या मागे एक वरात असते. दुसऱ्या गल्ल्यावर तेच सॉफ्टवेअर चालवायचे तर वेगळे पैसे. मालकाला घरी बसून मोबाइलवर विक्री पाहायची तर वेगळे पैसे. हिशेबाची दुसरी प्रत सुरक्षित ठेवायची, गिऱ्हाइकांना संदेश पाठवायचे, वजनकाटा यंत्राला जोडायचा, जुन्या मालाची यादी नव्या यंत्रात भरून घ्यायची, या प्रत्येकाला स्वतंत्र दर. काही सॉफ्टवेअर 'एकदाच घ्या' म्हणून विकले जाते, पण दुसऱ्या वर्षापासून देखभालीची वार्षिक रक्कम भरली नाही तर नवी सुधारित आवृत्ती मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांच्या पायऱ्यांवरचा बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांवर आला, तेव्हा सुधारित आवृत्ती म्हणजे काय हे अनेकांना प्रथमच कळले असेल. दर बदलतो दिल्लीत. तो आपल्या यंत्रात उतरवून घ्यायचा खर्च होतो निपाणीत.

दुसऱ्या कामाचा, म्हणजे पैसे पोहोचवण्याचा, आकार निराळा. गिऱ्हाइकाने कार्ड घासले की त्या रकमेतून काही टक्के बँक व कार्ड कंपनी कापून घेतात. डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून वरची मर्यादा घातली आहे. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत आहे अशा दुकानदाराकडून यंत्रावरील व्यवहारास ०.४० टक्क्यापेक्षा जास्त आणि एका व्यवहारामागे २०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून मोठ्यांसाठी ही मर्यादा ०.९० टक्के व १,००० रुपये अशी आहे. १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरची ही कपात सरकारने शून्यच केली. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तेथे कपात दोन टक्क्यांच्या आसपास जाते, कधी त्याहूनही वर. म्हणजे दोन गिऱ्हाइकांनी पाचपाचशे रुपयांचेच सामान नेले, तरी एकाने कोणते कार्ड काढले आणि दुसऱ्याने काय, यावर दुकानदाराच्या हाती पडणारी रक्कम बदलते. ही कपात दुकानदाराने डेबिट कार्डाच्या गिऱ्हाइकावर लादू नये, असेही रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी बजावले आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. यूपीआयवर कपात शून्य असेल तर हे जाळे फुकट चालते की काय? अर्थातच नाही. सरकार बँकांना काही प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. पण कंपन्यांना यंत्रे बनवायची, माणसे ठेवायची, सर्व्हर चालवायचे. व्यवहारावर पैसे घेता येत नाहीत, म्हणून ते व्यवहाराच्या भोवती घेतले जातात. साउंडबॉक्सचे भाडे, यंत्राचे भाडे, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि दुकानदाराला कर्ज देऊन त्यावरचे उत्पन्न, असे मार्ग निघाले. हे कळले म्हणजे सॉफ्टवेअरचा जादा आकार एखाद्या लबाड विक्रेत्याने काढलेली युक्ती वाटत नाही. तो या धंद्याच्या रचनेतूनच आलेला आहे. तेव्हा विक्रेत्याशी भांडून फारसे साधणार नाही. रचना समजून घेऊन मग सौदा करावा लागेल.

यांतल्या बहुतेक आकारांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो बोलण्यात क्वचितच येतो. नेहमीच्या पद्धतीने कर भरणारा दुकानदार आपल्या करातून हा जीएसटी वळता करून घेऊ शकतो, पण त्यासाठी बिलावर त्याचा स्वतःचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. ज्याची नोंदणीच नाही, किंवा जो कंपोझिशन योजनेत एक टक्का भरतो, त्याला असा वजावटीचा लाभ नाही. त्याच्या खिशातून १०० ऐवजी ११८ जातात. सारांश, जितका दुकानदार लहान, तितके तेच यंत्र त्याला महाग. पेठेतल्या मोठ्या दुकानदाराला जे शंभराला पडते ते गल्लीच्या टोकावरच्या लहान दुकानाला एकशे अठराला पडते!

आता प्रत्यक्ष बेरीज करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, एका किराणा दुकानाचा रोजचा गल्ला ८,००० रुपये आहे. महिन्याचे झाले २,४०,०००. खरेदी वजा जाता दहा टक्के सुटतात असे धरू, म्हणजे २४,००० रुपये. भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार मिळून १०,००० गेले की मालकाच्या संसाराला उरतात १४,०००.

आता यंत्राची पट्टी. सॉफ्टवेअरचे सांगितलेले भाडे ५००, यंत्राचे भाडे ४००, साउंडबॉक्स १००, दुसऱ्या गल्ल्याचे २००, गिऱ्हाइकांना संदेश १५०, हिशेबाची प्रत सांभाळणे १००. एकूण १,४५०. त्यावर १८ टक्के कर २६१, झाले १,७११. शिवाय महिन्यात ३०,००० रुपयांची विक्री क्रेडिट कार्डावर झाली असेल तर दोन टक्क्यांनी ६०० आणि त्यावर कर लागला तर तो १०८, म्हणजे ७०८. सगळे मिळून २,४१९ रुपये!

ज्याला 'फक्त पाचशे' म्हटले होते ते जवळजवळ पाचपट झाले. संसाराला उरणाऱ्या चौदा हजारांतला सहावा हिस्सा गेला. वर्षाचा हिशेब २९,००० रुपयांवर जातो. दुसऱ्या रीतीने पाहा: दहा टक्के नफ्याने २,४१९ रुपये मिळवायचे तर चोवीस हजारांचा माल विकावा लागतो, म्हणजे तीन दिवसांचा गल्ला. महिन्यातले तीन दिवस तो माणूस सकाळी शटर उघडतो ते यंत्रासाठी. घरच्यांसाठी तो चौथ्या दिवसापासून कमावू लागतो.

यंत्र नकोच, असे माझे म्हणणे नाही. मी काही चरखा घेऊन बसलेला नाही. कोणता माल पडून आहे, कशाची मुदत संपत आली, कोणाकडे किती उधारी थकली, हे यंत्र एका बोटावर सांगते. बँकेत कर्ज मागायला गेले की विक्रीच्या नोंदी कामी येतात. कार्यक्रम लिहिणाऱ्या मुलामुलींनाही पगार मिळालाच पाहिजे. उद्या आपल्यातलेच कोणी ते काम करणार आहेत. ज्या दुकानाला यंत्रामुळे नासाडी आणि बुडीत उधारी मिळून महिन्याला तीन हजार वाचतात, त्याने २,४१९ आनंदाने द्यावेत. पण ते ठरवायला आधी २,४१९ हा आकडा त्याला ठाऊक हवा. पाचशे समजून घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

पुष्कळ जादा आकार भीतीच्या पोटी दिले जातात, हेही मला दिसून आले. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरच्या जमा रकमा पाहून हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. त्या २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांच्या होत्या. बंगळूरच्या कित्येक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी २३ जुलै रोजी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना भेटून, जे नोंदणी करून यापुढे रीतसर कर भरतील त्यांच्याकडून मागची बाकी वसूल केली जाणार नाही, असे सांगितले. तेव्हा वातावरण निवळले. पण भीती राहिली. त्यानंतर आमच्याकडे आलेला एक विक्रेता माझ्या मामांना म्हणाला, "मामा, हे मोठे पॅकेज घेतले नाही तर नोटीस येईल बघा." मामा म्हणाले, "नोटीस येते ती विक्रीवर येते की बाबा, तुझ्या पॅकेजवर येत नाही." मामा सातवीपर्यंत शिकलेले आहेत.

कायदा लहान दुकानदाराकडून खरोखर काय मागतो, हे येथे सांगितले पाहिजे. निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची होते; सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे. वर धरलेल्या दुकानाची उलाढाल २९ लाखांच्या आतच राहते. ज्याला 'ई-इन्व्हॉइस' म्हणतात ते १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला लागू झाले, आणि तेही दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकताना. घरगुती गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना त्याचा संबंध येत नाही. हिशेबात केलेल्या प्रत्येक फेरफाराची खूण सॉफ्टवेअरने जपून ठेवावी, असा एप्रिल २०२३ पासूनचा नियम कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांसाठी आहे, एकट्या मालकाच्या दुकानासाठी नाही. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने मागितले नाही तर स्वतंत्र बिल देण्याचीही सक्ती नाही. दिवसअखेरीस सगळ्यांचे मिळून एक बिल केले तरी चालते. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला बिलावर कर वेगळा लावताच येत नाही; मग कराच्या किचकट हिशेबाचा विभाग तो पैसे मोजून का घेतो? कायदा मागत नाही आणि दुकानाला लागत नाही, अशी वस्तू भीतीने घेतली तर तिचे पैसे कोणत्या नावाने खर्ची टाकावेत?

सीमेवरच्या दुकानदाराची आणखी एक अडचण आहे. आपल्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ आणि पलीकडे कागलच्या दुकानदाराचे २७. मधले अंतर सायकलने जाण्याजोगे, पण कराच्या दृष्टीने ते दुसरे राज्य. कोल्हापूर-इचलकरंजीहून माल आणला की बिलावर कराचा प्रकार बदलतो. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला परराज्यात माल विकण्याची मुभाच नाही. यंत्र विकणारा माणूस पुण्याहून किंवा बंगळूरहून आलेला असतो. त्याने बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टी नीट भरलेल्या आहेत का, हे आपणच पाहावे लागते. नंतर दुरुस्तीला बोलावले की फेरीचे पैसे वेगळे.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत गंभीर बाब पैशांची नाही. ती वहीची आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण चोपडीची पूजा करतो. ती वही मालकाची असते. तिला दोऱ्याने बांधून फळीवर ठेवली तर दहा वर्षांनीही ती उघडते आणि उघडण्याचे भाडे मागत नाही. सॉफ्टवेअरची वर्गणी संपली की मात्र काही ठिकाणी मागचा हिशेबही दिसेनासा होतो. आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानदारावर हा प्रसंग आला. यंत्र बदलायचे ठरवल्यावर जुन्या उधारीची यादी काढून घेण्यासाठी त्यांना पुन्हा वर्गणी भरावी लागली. आपलीच वही त्यांनी सोडवून आणली, गहाण टाकलेल्या दागिन्यासारखी. जीएसटीचा कायदा सांगतो की हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवा. सरकार म्हणते सहा वर्षे ठेव. यंत्र म्हणते वर्गणी भरशील तोवरच बघ. या दोहोंच्या कात्रीत दुकानदार सापडतो.

आता न्यायाचा विचार करू. दुकानदार बिस्किटाचा पुडा विकतो तेव्हा त्यावर कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह छापलेली असावीच लागते. 'पाच रुपये, कर निराळा, कागदाचे निराळे' असे कोणत्याही कंपनीला पुड्यावर छापता येत नाही. त्याच्या वजनकाट्याची वैधमापन खात्याकडून ठराविक मुदतीने तपासणी होऊन शिक्का बसतो. कोगनोळीच्या टोलनाक्यावर कोणत्या वाहनाला किती, याचा फलक असतो. गिऱ्हाइकाचे रक्षण करण्यासाठी दुकानदारावर इतकी बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. मग तोच दुकानदार जेव्हा स्वतः गिऱ्हाईक होतो तेव्हा त्याला छापील, संपूर्ण, करांसह किंमत मागण्याचा हक्क का नसावा? तो व्यापारी आहे, त्याला सगळे कळते, असे गृहीत धरून त्याला उघड्यावर सोडलेले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. लहान दुकानदारासाठी ही फट मोलाची आहे. बँकेने कपात चुकीची केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हाही मार्ग आहे, आणि त्याला वकील लागत नाही.

भाषेचा प्रश्नही याच न्यायाच्या पोटात आहे. साउंडबॉक्स आमच्याशी मराठीत बोलतो, सांगितले तर कन्नडमध्येही बोलतो. पैसे आले हे सांगायला त्याला आपल्या भाषा येतात. पैसे गेले हे सांगणारा करार मात्र इंग्रजीत, बारीक टाइपात, मोबाइलच्या पडद्यावर, आणि खाली 'मान्य' असे एकच बटण! भाषेवरून आपल्या भागात कमी वाद झाले नाहीत. पण या कराराने मराठी आणि कन्नड दुकानदाराला एका ओळीत आणून बसवले आहे: दोघांनाही त्यातले वाचता येत नाही.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराने सहा प्रश्न लेखी विचारावेत असे मी सुचवतो. पहिला: सर्व जोडण्या आणि कर धरून पहिल्या वर्षी एकूण किती आणि दुसऱ्या वर्षी किती? दुसरा: यंत्र माझे की भाड्याचे, बिघडले किंवा परत केले तर काय? तिसरा: प्रत्येक प्रकारच्या कार्डाला कपात किती, आणि विक्री कमी झाली तर किमान आकार आहे का? चौथा: मी न मागितलेली कोणती सोय आपोआप सुरू होणार आहे आणि ती बंद कशी करायची? पाचवा: खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी किती रकमेची, किती काळाची? सहावा आणि सर्वांत महत्त्वाचा: मी सोडून गेलो तर माझा सगळा हिशेब कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत मिळेल? याची उत्तरे जो कागदावर देत नाही त्याचे यंत्र घेऊ नये. आणि ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांनी बँकेचा तीन महिन्यांचा उतारा काढून या नावांची एकच बेरीज करावी. तेवढ्याने अर्ध्या अनावश्यक सोयी गळून पडतील.

तथापि एकटा दुकानदार विचारील तर त्याला उत्तर मिळेल अशी खात्री मी देत नाही. एका दुकानाचे पाचशे रुपये गेल्याने कोणत्या कंपनीचे काय अडणार? पण एका पेठेतली दोनशे दुकाने एकत्र विचारतील तेव्हा उत्तर येईल. कदाचित दरही उतरेल. संघटनेचा हा धडा आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये पुणे-बंगळूर रस्ता अडवला आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथे बसून राहिले. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनी त्याच सुमारास आपली संघटना उभी केली. त्यांच्या लढ्याच्या तुलनेत आपला प्रश्न लहान आहे आणि त्यासाठी रस्त्यावर बसण्याची गरज नाही. पण मुळातला प्रश्न जातीचा तोच आहे: माझ्या घामातून काय कापले जाते, ते मला सांगून कापा.

आम्हा विद्यार्थ्यांना यात करण्याजोगे एक काम आहे. आपल्या वाणिज्य विभागाने एक साधा छापील तक्ता तयार करावा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. वरचे सहा प्रश्न, आकारांची नावे, आणि शेवटी बेरजेची एक चौकट. या अंकाच्या दोन्ही विभागांचे संपादक शेजारी शेजारी बसतात. भाषांतराला बाहेर जावे लागणार नाही. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या पाच दुकानांत जाऊन तो तक्ता भरून द्यावा. शंभर विद्यार्थी मिळाले तर पाचशे दुकाने झाली. कोणत्या यंत्राची पट्टी किती, हे सुटी संपण्याआधी दोन्ही भाषांत सगळ्या बाजाराला कळेल. प्रकल्प म्हणून त्याचे गुण मिळाले तर उत्तमच. न मिळाले तरी आपण शिकलेली बेरीज-वजाबाकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

यंत्रे येतच राहणार. आज गल्ल्यावर आलेली उद्या गोठ्यात आणि मळ्यात येतील, आणि प्रत्येकाबरोबर 'फक्त पाचशे' म्हणणारा कोणीतरी येईल. त्याला चहा द्यावा, त्याचे नीट ऐकून घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी सांगावे: दादा, पट्टी दाखवा.